विहिरीतली सुमन

लग्नात, बारशात, एकदा तर मयतीला गेले असतानासुद्धा लोकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "वकीलबाई, खुनी माणसाची बाजू घेताना तुम्हाला काहीच वाटत नाही का?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा जेवणाचं ताट असतं, त्यामुळे उत्तर थोडक्यात आटपावं लागतं. आज संपादकांनी पानं दिली आहेत, तर जरा सविस्तर सांगते.

दिवाणी दाव्यात माणूस माणसाशी भांडतो. फौजदारीत तसं नसतं. खून झाला, की तो खटला मेलेल्याच्या नातेवाइकांचा राहत नाही, सरकारचा होतो. एका बाजूला पोलीस, पंच, डॉक्टर, सरकारी वकील, थोडक्यात अख्खं राज्य. दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यात उभा एक माणूस आणि त्याच्यापुढे काळा कोट घातलेला त्याचा वकील. गुन्हा सिद्ध करायचं ओझं सगळं सरकारवर. आरोपीनं काहीच सिद्ध करायचं नसतं. माझं काम सरकारला एवढंच म्हणायचं, की दाखवा, आणि नीट दाखवा. जोवर नीट दाखवलेलं नाही, तोवर माझ्यापुढचा माणूस खुनी नसतो, आरोपी असतो.

ऐंशीच्या दशकात जळगावच्या सत्र न्यायालयात फौजदारी चालवणाऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच. अशील माझ्या खोलीत यायचे, मला बघायचे आणि अदबीनं विचारायचे, "साहेब कवय येतीन?" मी म्हणायची, "साहेब आलेत, बसा." निम्मे बसायचे. निम्मे चपला घालून परत जायचे. हिंमतला मात्र परत जायची सोय नव्हती. तो तुरुंगात होता, वकील करायची ऐपत नव्हती आणि न्यायालयानं त्याचा बचाव माझ्याकडे सोपवला होता. (नावं सगळी बदलली आहेत. गाव एरंडोल आणि पारोळ्याच्या मधलं, एवढंच सांगते.)

हिंमत जिनिंगमध्ये सरकी ओढायचा. अंगानं मोठा, बोलायला कमी, आणि बायकोवर हात टाकणारा. हे शेवटचं आरोपपत्रात होतं आणि ते खरं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, त्यानंही माझ्यापुढे नाकारलं नाही. एका संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बायको, सुमन, घरातून बाहेर पडली. तिच्यामागे हिंमतही गेला. तो परत आला, ती आली नाही. पुढे काही दिवसांनी गावाबाहेरच्या कपाशीच्या शेतातल्या पडीक विहिरीत एका बाईचं प्रेत तरंगलं. पाण्यात राहून चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. अंगावर हिरवं लुगडं होतं, हातावर गोंदण होतं. सुमनची आई, गोजरअक्का, शेजारच्या गावाहून आली आणि तिनं सांगितलं, "ही मन्ही आंडेर शे." ही माझी लेक आहे. आईनंच तिला आपल्या गावी नेऊन अग्नी दिला.

झालं. हिंमतला उचललं. आता इथे कायद्यातली एक गंमत सांगते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, कारण तो कसा मिळवतात हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. त्यामुळे आपल्याकडे आरोपी हटकून काहीतरी 'काढून देतात'. हिंमतनं विहिरीजवळच्या बाभळीखालून एक लेडीज चप्पल काढून दिली होती.

मी त्याला तुरुंगात भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे तो उकिडवा बसला. मी नेहमीसारखं सांगितलं, की तू मला जे सांगशील ते माझ्याच पोटात राहील, तेव्हा घाबरू नको. तो म्हणाला, "बाई, मी तिले वाटवरच सोडी दिधं व्हतं. ती स्टँडकडे गई. मी घर ऊनू."

ठीक. ती स्टँडकडे गेली आणि हा घरी आला, असं मी लिहून घेतलं. पुढच्या खेपेला तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मीच तिले ढकली दिधी."

"मागच्या वेळी तर वेगळं सांगितलंस."

"तवय याद नव्हतं. आते याद ऊनं. तिन्या बांगड्या फुटन्यात. आवाज ऊना."

त्याच्या पुढच्या खेपेला त्याला आणखी आठवलं. विहिरीच्या काठावर तिचा पाय घसरला, पदर दगडात अडकला, बाभळीखाली एक चप्पल राहिली. मी खोलीवर येऊन पंचनामा काढला. काठावर बांगड्यांचे तुकडे, दगडाला लुगड्याचा धागा, बाभळीखाली चप्पल. हिंमतला आठवत होतं ते सगळं पंचनाम्यात होतं, आणि पंचनाम्यात नसलेलं असं त्याला काहीच आठवत नव्हतं. कोणता हात पुढे केला, असं विचारलं तर तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसायचा.

कोठडीत त्याला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तू असं केलंस, मग असं केलंस, की ते त्याच्या डोक्यात त्याचं स्वतःचं होऊन बसलं होतं. मी असा माणूस आधी पाहिला नव्हता. खोटं बोलणारे अशील ढिगानं पाहिले होते. न केलेला खून आठवणारा हा पहिला. आणि तो खरंच न केलेला आहे का, हेही तेव्हा मला माहीत नव्हतं.

गोजरअक्काच्या उलटतपासणीआधी मी ती विहीर बघायला गेले. भर दुपारची वेळ होती. कपाशी फुटलेली, सगळीकडे पांढरं, आणि वेचणाऱ्या बायका सगळ्या शेताच्या एकाच अंगाला दाटलेल्या. विहिरीकडचा अर्धा भाग कुणी वेचलाच नव्हता. बोंडातून कापूस लोंबत होता, वाऱ्यानं सुटून काट्यांवर अडकला होता. शेतमालकाला लोक नाना म्हणत. ते माझ्याबरोबर आले, पण बाभळीपाशी थांबले.

"नाना, इथलं का वेचलं नाही?"

"बाया येत नहीत, बाई. सुमन हाक मारस म्हनतस. दुपारले. मन्हं ऐका, तुम्ही वाकू नका, आन् तिनं नाव त बिलकूल लेवू नका. नाव लिधं की ती वऱ्हे दखस." नाव घेतलं की ती वर बघते.

आमच्या बौद्ध घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील भुसावळला रेल्वेत होते. लहानपणी अंधाराला घाबरलो, तर ते आम्हाला हाताला धरून त्याच कोपऱ्यात घेऊन जायचे आणि म्हणायचे, "बघ, काय आहे? काही नाही." मी वाकले. खोल, हिरवं, गप्प पाणी होतं. कपारीत पारवेसुद्धा नव्हते. ते नाव माझ्या तोंडात अगदी दातांपर्यंत आलं. मी ते घेतलं नाही.

न्यायालयात गोजरअक्का साक्षीच्या पिंजऱ्यात चढली तेव्हा मला तिची दया येत होती, पण उलटतपासणीत दया बाजूला ठेवावी लागते. मी आवाज हळू ठेवला.

"अक्का, प्रेत तुम्हाला दाखवलं तेव्हा अंगावर काय टाकलं होतं?"

"धोतर टाकेल व्हतं."

"तुम्ही तोंड पाहिलं?"

सरकारी वकील उठायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना हातानंच बसवलं.

"अक्का, तोंड पाहिलं का?"

"नही. फौजदार बोलना, दखू नको, चांगलं नही शे. मी पाय दखात."

"नुसते पाय?"

"मायले पोरना पाय वळखू येतस, बाई."

"आणि गोंदण?"

"तेनी सांगं, गोंदेल शे. मी बोलनू, व्हय, मन्ही बी गोंदेल शे."

आमच्या भागात हातावर न गोंदलेली बाई शोधावी लागते. हिरवं लुगडं तर प्रत्येक बाजारात. त्या दिवशी खटल्याला चांगलं खिंडार पडलं. पण खिंडार म्हणजे सुटका नव्हे. तिच्याबरोबर शेवटचा दिसलेला नवरा, मारहाण, काढून दिलेली चप्पल, आणि बेपत्ता बायको. माझ्या अनुभवानं सांगते, एवढ्यावर जन्मठेप होऊ शकते, होतेही. आणि आरोपीचा जबाब जवळ आला होता. न्यायाधीशांनी विचारलं असतं, तुला काय सांगायचं आहे, तर हिंमत म्हणाला असता, मीच मारलं.

अशात धुळ्याहून हिंमतची बहीण कमल माझ्याकडे आली. धापा टाकत. म्हणाली, "बाई, मी वहिनीले दखी. पांझराकाठे, बाजारमा. मी हाक मारी, ती पळी गई."

मी फारसं मनावर घेतलं नाही. खुनाच्या खटल्यात नातेवाइकांना मेलेली माणसं दिसतातच. पंढरीत दिसतात, मुंबईत दिसतात, एकाला तर सिनेमात दिसली होती. पण कमल रडत नव्हती. ती चिडली होती. "तीच शे. डावा हात वाकडा शे तिना. मन्हाच भाऊनी मोडेल शे." भावाला सोडवायला रचून सांगणारं कुणी त्याचंच पाप सहसा सांगत नाही. मी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सकाळची एसटी धरली.

पांझरेच्या काठानं शेंगदाणे निवडायच्या वखारी होत्या. तिसऱ्या की चौथ्या वखारीत बायकांची एक रांग जमिनीवर बसली होती, समोर दाण्यांचे ढीग. कमलनं बोट दाखवायच्या आधीच मला ती कळली. बाकीच्या बायकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. एकीनं पाहिलं नाही. दाणे चाळणारा तिचा डावा हात कोपरापाशी तिरका झाला होता.

"सुमन," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं.

विहिरीवर जे नाव मी गिळलं होतं ते इथे, भर दिवसा, शेंगदाण्याच्या फोलांच्या धुळीत घेतलं आणि एक जिवंत बाई माझ्याकडे बघत होती.

"लता," ती म्हणाली. "मन्हं नाव लता शे."

कमलला वखारीत थांबवून आम्ही वखारीमागे बसलो. ती घाबरली नव्हती, वैतागली होती, झोपमोड झाल्यासारखी. स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसून ती धुळ्याला उतरली होती. इथे आल्यावर एका दुपारी शेजारी बसलेली बाई एरंडोलकडची निघाली आणि ती सगळ्या रांगेला एका खुनाची हकिकत सांगू लागली. नवऱ्यानं बायकोला विहिरीत ढकललं, आईनं प्रेत ओळखलं, सुमन नाव होतं बिचारीचं.

"आन् मी दाना निवाडत ऐकत बसनू," ती म्हणाली. "बठ्ठ्या बाया चुकचुक करेत. मी बी करं. मी ईचारं, मंग? मंग काय व्हयनं? ती बोलनी, मंग तिले जाळी टाकं." मग म्हणाली, "त्या दिवसपाइन माले रातले झोप येवाले लागनी. मरेल मानूसले कोन मारस, बाई?"

मेलेल्या माणसाला कोण मारणार? मी तिला खटला समजावून सांगितला. हिंमतला फाशीसुद्धा होऊ शकते, म्हटलं.

"तुम्ही मन्ह्या वकील शेत का त्याना?"

"त्याची आहे," मी खरं ते सांगितलं. "तुझी नाही."

"मन्हा कोन शे?"

"सरकार. हा खटला सरकार तुझ्या वतीनंच लढतंय."

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "हात मोडना तवय मी ठाण्यावर गईती. ते बोलनात, घरनं घरमा मिटाडा. जित्ती व्हती तवय सरकार नही ऊनं. आते मरेल सुमनसाठे लढी ऱ्हायनं."

मी बाई आहे, ते तिरकं कोपर माझ्या डोळ्यांपुढे होतं. वकील म्हणून मात्र मला माझ्या अशिलाला वाचवायचं होतं, आणि समन्स काढून तिला आणवणं मला शक्य होतं. तसं करायचं मनात होतंही. पण त्याआधी मी तिला तिच्या आईची साक्ष सांगितली. कशी ती पिंजऱ्यात उभी होती, तोंड बघायला धजावली नाही, आणि म्हणाली, आईला पोरीचे पाय ओळखू येतात.

सुमननं लुगडं थोडं वर घेतलं आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. फोलांची धूळ बसलेले, टाचा फुटलेले पाय. ती म्हणाली, "मंग जिना पाय मायनी दखात, ती कोन व्हती?"

"माहीत नाही."

"कोनी ईचाराले बी नही ऊनं तिले?"

"नाही."

ती उठली, पदर झटकला. "मी येस," म्हणाली.

मी तिला बचावाची साक्षीदार म्हणून हजर केलं. न्यायालयात पुकारा झाला आणि ती दारातून आत आली. सगळ्यांचं लक्ष दाराकडे होतं, माझं हिंमतकडे. वाटलं होतं, तो हरखेल, रडेल, निदान सुटकेचा श्वास टाकेल. तो मागे सरला. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून, दोन्ही हात तोंडावर घेऊन ओरडला, "तिले आठे आनू नका! ती मरेल शे! मी मारेल शे तिले!" पोलिसांनी त्याला खाली बसवलं. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. पेला त्याच्या दातांवर वाजत होता, तो आवाज सगळ्या दालनात ऐकू येत होता.

सुमननं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग शपथ घेतली आणि नाव सांगितलं. मुद्देमालातली चप्पल तिला दाखवली. "मन्ही नही. मन्ह्या चपला मन्हा पायमा व्हत्यात," ती म्हणाली, आणि सरकारी वकिलांनी विनंती केल्यावर तिनं ती पायात घालून दाखवली. टाच बाहेर राहिली. तिच्या शाळेचे जुने हेडमास्तर आले, तिचा भाऊ आला, दोघांनी तिला ओळखलं. शेवटी न्यायाधीशांनी गोजरअक्काला पुन्हा बोलावलं.

म्हातारी लेकीजवळ गेली. तिनं आधी तोंड पाहिलं, चांगलं दोन्ही हातांत धरून. मग खाली वाकून पाय पाहिले. पिंजऱ्यात येऊन म्हणाली, "साहेब, ही मन्ही आंडेर शे."

"मग तुम्ही जिला अग्नी दिला, ती कोण?"

गोजरअक्कानं पदरानं तोंड पुसलं. "ती बी मन्हीच, साहेब. आते तिले नही कसं म्हनू?"

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं की नाही, मी पाहिलं नाही. हिंमत निर्दोष सुटला. पोलिसांनी अनोळखी बाईच्या मृत्यूचा तपास नव्यानं सुरू केला आणि तो यथावकाश थंडावला. वेचणीच्या दिवसांत कुठून कुठून मजूर येतात, कोण आलं, कोण परत गेलं, याचा पत्ता कुणाला असतो? ती पडली, की तिला पाडलं, हेही कळलं नाही. माझ्या वकिलीतलं हे सगळ्यात मोठं यश, असं माझे सहकारी म्हणायचे. त्यांचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही.

सुटल्यावर काही महिन्यांनी हिंमत माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला.

"बाई, सुमन जित्ती शे. माले समजस. तुम्ही दखाडी."

"मग आता घरी जा, नीट राहा."

"पन माले याद शे ना," तो म्हणाला. "हात लावा ते याद शे. आवाज याद शे. मंग मी कोनले मारं?"

मी त्याला खणखणीत आवाजात, वकिलाच्या आवाजात सांगितलं, की तू कुणालाही मारलेलं नाहीस; जे आठवतंय ते तुला पढवलेलं आहे. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग नमस्कार करून गेला. पुढे तो सुरतेकडे कामाला गेल्याचं कळलं. बायकोला शोधायला तो कधीही गेला नाही. तिला भ्यायचा. कायद्यानं तिला जे संरक्षण दिलं नव्हतं, ते त्या भीतीनं दिलं. जो खटला मी जिंकला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो गेल्यावर मी बराच वेळ दुसऱ्या अशिलाला आत बोलावलं नव्हतं.

नव्वदनंतर माझं धुळ्याला कामानिमित्त जाणं वाढलं. एकदा पांझरेकडे वाट वाकडी केली. तिनं आता वखारीजवळच दोन खोल्या घेतल्या होत्या, आई तिच्याजवळ राहायला आली होती. गावात राहायचा प्रयत्न सुमननं एकदा केला होता. बायकांनी तिला बघून दारं लावली, पाणी भरायला गेली तर हापशावरची रांग मोडली. विहिरीतली सुमन दुपारची हाक मारते, हे गावाला पक्कं माहीत होतं. मग ही कोण?

गोजरअक्कानं चहा ठेवला. जिला अग्नी दिला तिचा फोटो असणार कुठून, पण कोनाड्यात हळदकुंकू लावलेला एक दगड होता. मी काही विचारलं नाही. नवऱ्यापासून कायदेशीर मोकळं व्हायचं असेल तर धुळ्यातल्या एका वकीलबाईंकडे पाठवते, असं मी सुचवलं. अर्जावर तुझं मूळ नाव घालावं लागेल, तेवढं नीट लिही, म्हटलं. बाहेर कुणीतरी "लताबाई" म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली, बाहेर जाऊन बोलून आली आणि माझ्यापुढे बसली.

"अर्जवर जे लिखनं ते लिखा, बाई," ती म्हणाली. "पन मी ते नाव आते लेवाव नही. ते विहीरमधलीले ऱ्हाऊ द्या. तिनाकडे दुसरं काहीच नही शे."